अर्धे शहर पाहून परत येऊ नका

परदेशी शिकावयास निघालेल्या मुलाला निरोप देताना आपल्याकडील वडीलधारी मंडळी एक गोष्ट हमखास बजावतात : अभ्यासाखेरीज दुसऱ्या कशात लक्ष घालू नकोस. उपदेश शहाणपणाचा आहे. परंतु तो पुरा नाही. ज्या देशाचे अन्न तीन-चार वर्षे खावयाचे, ज्या नगरीच्या रस्त्यांवरून रोज चालावयाचे, तिचे सुखदुःख न जाणता केवळ पदवीचे भेंडोळे घेऊन परतणारा विद्यार्थी परीक्षा उत्तीर्ण झाला असे म्हणता येईल. तो शिकला, असे म्हणता यावयाचे नाही. आणि ती नगरी जर दुभंगलेली असेल, तिच्या छातीवरून काटेरी तार गेलेली असेल, तर तिच्या दोन्ही बाजू पाहणे हा विद्यार्थ्याचा केवळ छंद राहत नाही, ते त्याचे कर्तव्य होते. सायप्रस बेटाची राजधानी निकोसिया ही अशी नगरी आहे. तेथे जाणाऱ्या तरुणाने काय पाहावे, काय विचारावे आणि कोणत्या मोहापासून स्वतःस जपावे, याचा विचार आज करावयाचा आहे.

निकोसियाचे जुने शहर एका वर्तुळाकार तटाच्या आत वसले आहे. तुर्कांच्या स्वारीच्या धास्तीने व्हेनिसच्या सत्ताधाऱ्यांनी १५६७ मध्ये हा तट बांधावयास घेतला. त्याला ११ बुरूज आणि तीन वेशी. तट उभा राहिला, पण कामास आला नाही. १५७० मध्ये ऑटोमन सैन्याने शहर जिंकलेच. बाहेरचा शत्रू अडविण्यासाठी बांधलेल्या या तटाच्या आतच पुढे चार शतकांनी सीमा उभी राहावी, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. आज त्या ११ बुरुजांपैकी पाच दक्षिणेकडे आहेत, पाच उत्तरेकडे आहेत आणि एक मधल्या निर्मनुष्य पट्ट्यात आहे. भावाभावांच्या वाटणीत सामाईक विहीर जशी कोणाच्याच वाट्याला नीट येत नाही, तशी त्या अकराव्या बुरुजाची गत झाली आहे.

दक्षिणेकडील भाग सायप्रस प्रजासत्ताकाच्या ताब्यात आहे. हे प्रजासत्ताक १९६० पासून संयुक्त राष्ट्रसंघाचे आणि १ मे २००४ पासून युरोपीय संघाचे सदस्य आहे. उत्तरेकडे तुर्की सायप्रियटांनी १५ नोव्हेंबर १९८३ रोजी आपले वेगळे प्रजासत्ताक जाहीर केले. सुरक्षा परिषदेने आपल्या ५४१ क्रमांकाच्या ठरावाने ही घोषणा कायद्याच्या दृष्टीने अवैध ठरविली. तुर्कस्तानखेरीज जगातील एकाही राष्ट्राने तिला मान्यता दिलेली नाही. या दोहोंमधून सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आहे. त्याची राखण संयुक्त राष्ट्रांची सेना करते. ग्रामीण भागात हा पट्टा काही ठिकाणी कित्येक किलोमीटर रुंद आहे. जुन्या निकोसियात मात्र तो इतका अरुंद होतो की दोन्हीकडचे पहारेकरी समोरासमोरच्या सज्ज्यांत उभे असल्यासारखे दिसावेत.

विद्यार्थी प्रथम जातो तो लेड्रा रस्त्याने. शहराच्या मध्यातून जाणारी ही जुनी बाजारपेठ. तिच्यावरील मार्ग ३ एप्रिल २००८ रोजी खुला झाला. एका खिडकीवर पारपत्र दाखवावयाचे, ओस घरांमधून काही पावले चालावयाचे आणि दुसऱ्या खिडकीवर पुन्हा पारपत्र दाखवावयाचे. एवढ्या चालीत पाट्यांवरची ग्रीक अक्षरे संपतात आणि रोमन लिपीतील तुर्की सुरू होते; युरोची नाणी खिशात राहतात आणि लिरा मोजावे लागतात; चर्चच्या घंटेऐवजी बांग कानी येते. नगरीचे नावही दक्षिणेत लेफ्कोसिया, तर उत्तरेत लेफ्कोशा. पाटीवरील अक्षरे बदलली की गाव बदलते काय, हा प्रश्न आमच्या वाचकांस नव्याने समजावून सांगावयास नको.

पहिल्या दिवशी नवख्याच्या डोळ्यांत भरतो तो फरक. दोन-चार खेपा झाल्या की साम्य दिसू लागते. उत्तरेकडे ज्या जामा मशिदीचे दोन मिनार दुरून दिसतात, ती मुळात सेंट सोफियाचे गॉथिक धाटणीचे कॅथीड्रल होती. १५७० मध्ये तिची मशीद झाली. दक्षिणेतही ओमेरिये नावाची मशीद आहे आणि तीही एके काळी चर्चच होती. उत्तरेतील जुन्या मंडईस तेथले लोक बांदाबुल्या म्हणतात. हा शब्द ग्रीक भाषेतून तुर्की मुखात जाऊन बसलेला आहे. दोन्हीकडे कॉफी एकाच पद्धतीने उकळतात. तिला उत्तरेत तुर्की म्हणतात, दक्षिणेत ग्रीक किंवा सायप्रसची म्हणतात. बेटावरचे प्रसिद्ध पनीर दक्षिणेत हालूमी, उत्तरेत हेलिम. युरोपीय संघाने २०२१ मध्ये त्याला संरक्षित नाव दिले तेव्हा ही दोन्ही नावे शेजारी शेजारी नोंदवावी लागली. शहराच्या उत्तरेस जी डोंगरांची रांग दिसते तिला ग्रीक लोक पेंटाडॅक्टिलॉस म्हणतात आणि तुर्क बेशपार्माक म्हणतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : पाच बोटे.

येथे विद्यार्थ्यासमोर पहिला मोह उभा राहतो. येथून तेथून माणसे सारखीच, भांडणे लावली ती राजकारण्यांनी, हा निष्कर्ष त्याच्या जिभेवर तयार असतो. तो घरी पत्रातून कळवावयास सोपा, ऐकणाऱ्यास गोड आणि कोणाच्याही अंगाला न लागणारा. आमच्या मते हा निष्कर्ष विद्यार्थ्याने सहलीवर आलेल्या प्रवाशांसाठी सोडून द्यावा. कॉफी आणि पनीर एक असूनही जर माणसे वेगळी झाली असतील, तर वेगळे होण्याचे कारण कॉफीत नाही आणि पनीरातही नाही, इतके तरी त्यास कळावयास हवे. त्या पाच बोटांच्या डोंगराच्या दक्षिण उतारावर, शहरातून सहज दिसेल असा, उत्तरेकडील राजवटीचा प्रचंड ध्वज रंगविलेला आहे. आपल्याकडे म्हणतात, दुरून डोंगर साजरे. दक्षिण निकोसियातील माणसाला हा डोंगर दुरूनही साजरा दिसत नाही. तो रोज सकाळी त्याच्या जखमेवर बोट ठेवतो.

मग विचारावयाचे काय? आमची सूचना साधी आहे. रेषेच्या दोन्ही बाजूंस एकच प्रश्न विचारावा : हे दुःख केव्हा सुरू झाले? दक्षिणेत उत्तर मिळेल, १९७४. उत्तरेत उत्तर मिळेल, १९६३. निकोसियाचे सारे मर्म या दोन उत्तरांच्या मधल्या अकरा वर्षांत साठलेले आहे.

१९७४ ची हकीकत जगास अधिक परिचित आहे. त्या वर्षी १५ जुलै रोजी ग्रीसमधील लष्करी राजवटीच्या चिथावणीने सायप्रसमध्ये बंड झाले आणि राष्ट्राध्यक्ष आर्चबिशप मकारिओस यांना पळ काढावा लागला. बेट ग्रीसला जोडण्याचा हा घाट होता. पाचच दिवसांनी, २० जुलै रोजी, तुर्कस्तानचे सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरले. बंड अल्पावधीतच कोसळले, ग्रीसमधील लष्करशाहीही कोसळली; परंतु तुर्की सैन्य थांबले नाही. ऑगस्टच्या मध्यास त्याने दुसरी चढाई केली आणि बेटाचा एकतृतीयांशाहून अधिक भाग ताब्यात घेतला. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट घरदार सोडून दक्षिणेस आले. पुढे चाळीस हजारांवर तुर्की सायप्रियट दक्षिणेतून उत्तरेस गेले. ‘मी विसरत नाही’ ही अक्षरे दक्षिणेतील शाळकरी मुलांच्या वह्यांवर वर्षानुवर्षे छापली गेली, ती या उन्हाळ्याची आठवण म्हणून.

१९६३ ची हकीकत मात्र दक्षिणेत हळू आवाजात सांगितली जाते. सायप्रस १६ ऑगस्ट १९६० रोजी ब्रिटिशांच्या अमलातून मुक्त झाले. बेटावर ग्रीक भाषिक सुमारे चार-पंचमांश आणि तुर्की भाषिक सुमारे अठरा टक्के. घटनेने राष्ट्राध्यक्ष ग्रीक आणि उपाध्यक्ष तुर्क असावा असे ठरविले, उपाध्यक्षास नकाराधिकार दिला आणि नोकऱ्यांचे प्रमाणही बांधून दिले. तीन वर्षे कारभार अडखळत चालला. नोव्हेंबर १९६३ मध्ये मकारिओस यांनी घटनादुरुस्तीचे तेरा मुद्दे पुढे केले. तुर्की पक्षाने ते आपल्या हक्कांवरील घाला मानले. २१ डिसेंबरच्या रात्री निकोसियात गोळीबार झाला आणि त्यातून दंगे उसळले. नाताळच्या त्या आठवड्यात दोन्हीकडची माणसे मारली गेली. परंतु अधिक भोगले ते संख्येने थोड्या असलेल्या तुर्कांनी. सुमारे पंचवीस हजार तुर्की सायप्रियट गावे सोडून वेढलेल्या वस्त्यांत जाऊन राहिले आणि पुढील काही वर्षे त्यांना नाकेबंदीत काढावी लागली. उत्तर निकोसियात एका लष्करी डॉक्टराचे घर संग्रहालय म्हणून जपले आहे. त्याची पत्नी आणि तीन मुले त्या डिसेंबरात तेथेच मारली गेली. त्या संग्रहालयास नाव दिले आहे ते रानटीपणाचे.

शहराची फाळणी १९७४ मध्ये झाली, अशी समजूत सर्वत्र आहे. ती अपुरी आहे. निकोसियावरील रेषा डिसेंबर १९६३ च्या अखेरीस ओढली गेली. दंगा थोपविण्यासाठी ब्रिटिश सेनाधिकारी मेजर जनरल पीटर यंग यांनी नकाशावर पेन्सिलीने ती आखली. हाती आलेली पेन्सिल हिरवी होती, म्हणून तिला ‘हिरवी रेषा’ हे नाव पडले. तात्पुरती म्हणून ओढलेली ती रेषा साठ वर्षे उलटून गेली तरी पुसली गेलेली नाही. राज्यकर्त्यांच्या ‘तात्पुरत्या’ शब्दाची किंमत काय असते, याचा याहून बोलका दाखला क्वचितच सापडेल.

आता या गोष्टीत आपल्या देशाचाही थोडा वाटा आहे, तो सांगितला पाहिजे. सुरक्षा परिषदेने ४ मार्च १९६४ च्या ठरावाने सायप्रससाठी शांतिसेना उभारली, तेव्हा तिचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल प्रेमसिंग ग्यानी हे भारतीय होते. त्यांच्यानंतर भारताचे माजी सरसेनापती जनरल कोदंडेरा थिमय्या यांनी ते पद स्वीकारले. १८ डिसेंबर १९६५ रोजी सायप्रसमध्येच, कर्तव्यावर असताना, त्यांचे निधन झाले. १९७४ च्या त्या भयंकर उन्हाळ्यातही शांतिसेनेची धुरा दिवाण प्रेमचंद या भारतीय सेनापतीच्याच खांद्यावर होती. हे तिघेही दोन्ही बाजूंशी बोलत आणि रेषेवर उभे राहून दोन्हीकडचे गाऱ्हाणे ऐकत. आपल्या विद्यार्थ्याने निकोसियात कसे वागावे, याचा धडा शोधण्यास फार दूर जावयास नको.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. दोन्ही बाजू ऐका असे म्हणताना तुम्ही आक्रमक आणि आक्रमित यांना एकाच तागडीत तोलता काय? परक्या देशाचे सैन्य उतरले, माणसे घरांतून हुसकली गेली, त्यांच्या रिकाम्या घरांत आणि गावांत तुर्कस्तानातून माणसे आणून वसविली गेली, आणि पन्नास वर्षांनंतरही ते सैन्य तेथेच आहे. हे सारे सत्य आहे. संयुक्त राष्ट्रांचे ठराव या बाबतीत संदिग्ध नाहीत आणि आम्हीही संदिग्ध राहू इच्छीत नाही. लष्कराच्या बळावर केलेली वाटणी न्याय्य ठरत नाही. परंतु १९७४ चा अन्याय मान्य केला म्हणजे १९६३ ची आठवण खोटी ठरते काय? ज्या तुर्की आईचा मुलगा नाताळच्या त्या आठवड्यात घरी परतला नाही, तिला कोणत्या ठरावाने समजूत घालावयाची? कारण समजून घेणे आणि अपराध माफ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायाधीशही निकाल देण्यापूर्वी दोन्ही पक्षकारांची कैफियत ऐकतो. त्यामुळे त्याचा निकाल दुबळा होत नाही, उलट तो टिकतो.

आणि दोषाचा एक हिस्सा १९६० च्या घटनेकडेही जातो. त्या घटनेने नागरिकापुढे दोनच कप्पे ठेवले : ग्रीक किंवा तुर्क. बेटावर आर्मेनियन होते, मॅरोनाइट होते, लॅटिन ख्रिस्ती होते. त्यांना कोणता तरी एक कप्पा निवडा असे सांगण्यात आले. त्यांनी ग्रीक कप्पा निवडला. निकोसियातील आर्मेनियन वस्ती होती तुर्की मोहल्ल्याला लागून. १९६३ च्या दंग्यात तिला आपले घर, शाळा आणि चर्च सोडून रेषेच्या दक्षिणेस यावे लागले. ज्यांचे या भांडणाशी देणेघेणे नव्हते, तेही कप्प्यामुळे विस्थापित झाले. भाषा आणि धर्म यांचा अभिमान बाळगणे वेगळे आणि ‘तू आमचा की त्यांचा’ एवढाच प्रश्न विचारणारे राज्य उभारणे वेगळे. पहिल्याने समाज सशक्त होतो. दुसऱ्याने शेजार मरतो.

रेषा जमिनीवर ओढता येते, जमिनीखाली मात्र ती चालत नाही. फाळणीनंतर निकोसियाच्या सांडपाण्याचा प्रश्न उभा राहिला. नळ दोन्हीकडून गेलेले. मैलापाणी शुद्ध करण्याची जागा उत्तरेकडे. तेव्हा दक्षिणेचे नगराध्यक्ष लेलोस दिमित्रियादिस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी यांनी १९७८ च्या सुमारास एकत्र बसून शहरासाठी एकच सांडपाणी योजना ठरविली. आसपास सैन्ये तोफा रोखून उभी असताना या दोन गृहस्थांनी गटारांवर बोलणी केली, म्हणून त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. त्याच सहकार्यातून पुढे दोन्ही भागांसाठी एक नगररचना आराखडा तयार झाला आणि तटाच्या आतील जुनी घरे दोन्ही बाजूंस दुरुस्त होऊ लागली. शहर पुढेमागे एक झालेच, तर रस्ते एकमेकांस जुळावेत अशी योजना या आराखड्यात आहे. या कामास २००७ मध्ये वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. अकिंजी पुढे २०१५ ते २०२० या काळात तुर्की सायप्रियटांचे नेते झाले. मोठ्या वाटाघाटी फसत असताना ज्यांनी लहान कामे पुरी केली, त्यांची नावे विद्यार्थ्याने आवर्जून लक्षात ठेवावीत.

दुसरे असेच काम बेपत्ता माणसांचे. १९६३-६४ आणि १९७४ या दोन्ही काळांत जी माणसे नाहीशी झाली त्यांच्या शोधासाठी १९८१ मध्ये एक समिती नेमण्यात आली. तिच्या यादीत १,५१० ग्रीक सायप्रियट आणि ४९२ तुर्की सायप्रियट आहेत. प्रत्यक्ष उत्खनन बऱ्याच उशिरा सुरू झाले. परंतु आजवर हजाराहून अधिक मृतांची ओळख पटवून त्यांचे अवशेष घरच्यांच्या स्वाधीन केले गेले आहेत. निकोसियाच्या बंद पडलेल्या विमानतळाच्या आवारातील प्रयोगशाळेत दोन्ही समाजांचे शास्त्रज्ञ एकाच टेबलाशी हे काम करतात. तेथे १९६३ आणि १९७४ ही दोन साले प्रथमच एका यादीत आली. अस्थींना ग्रीक येत नाही आणि तुर्कीही येत नाही. जिवंत माणसांनी जे करावयास हवे होते ते मृतांच्या निमित्ताने होत आहे, याचे समाधान मानावे की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बर्लिनची भिंत ९ नोव्हेंबर १९८९ रोजी खुली झाली आणि वर्षभरात शहर एक झाले. त्यावरून अनेकांची समजूत झाली की दार उघडले की घर जुळते. निकोसियाने ही समजूत खोटी ठरविली. येथे २३ एप्रिल २००३ रोजी पहिली दारे उघडली. जवळजवळ तीन दशकांनंतर हजारो माणसे रांगा लावून पलीकडे गेली, आपापल्या जुन्या घरांच्या दारांवर त्यांनी थाप मारली, आणि परक्या माणसाने आतून कडी काढली. कोठे कॉफी पुढे आली, कोठे जपून ठेवलेली छायाचित्रे परत मिळाली, कोठे दार लोटून घेतले गेले. सुमारे एक वर्षाने, २४ एप्रिल २००४ रोजी, एकीकरणाच्या योजनेवर दोन्हीकडे मतदान झाले. उत्तरेत सुमारे ६५ टक्के लोकांनी होकार दिला, दक्षिणेत सुमारे ७६ टक्के लोकांनी नकार दिला. दक्षिणेच्या नकारामागे कारणे होती : तुर्की सैन्य पुरते जाईल याचा भरवसा नव्हता, हिरावलेली घरे परत मिळण्याची हमी अपुरी वाटत होती. २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रान्स-मोन्टाना येथील बोलणीही फिसकटली. बर्लिनच्या दोन्ही भागांत एकच भाषा बोलली जात होती आणि शाळेबाहेर घरोघर एकच आठवण सांगितली जात होती. निकोसियात दार उघडले, पण दोन आठवणी दोन बाजूंस तशाच उभ्या राहिल्या.

त्या आठवणी कोण राखतो? प्रथम घर, मग शाळा. उत्तरेत २००४ मध्ये इतिहासाची नवी पाठ्यपुस्तके आली. त्यांत दोन्ही समाजांच्या एकत्र जगण्यास जागा होती. २००९ मध्ये सत्ता पालटली आणि ती पुस्तके मागे घेतली गेली. दक्षिणेत २००८ मध्ये शिक्षणखात्याने शांततामय सहजीवनाचा विषय शाळांपुढे ठेवला, तर शिक्षकांतूनच विरोध उठला. अशा स्थितीत २००३ पासून दोन्हीकडचे काही इतिहासशिक्षक आणि संशोधक एकत्र काम करीत आहेत. मधल्या पट्ट्यात, लेड्रा पॅलेस या जुन्या हॉटेलासमोर, २०११ पासून त्यांचे सहकार्यगृह उभे आहे. तेथे दोन्हीकडची मुले येतात. विद्यार्थ्याने कॉफीसाठी नव्हे, तर तेथल्या चर्चा ऐकण्यासाठी त्या घरात आवर्जून जावे.

पालकांसाठीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे भावनेबरोबर व्यवहारही आहे. रेषा ओलांडणे सर्वांस सारखे सोपे नाही. उत्तर भागात अनेक विद्यापीठे उभी राहिली असून आशिया व आफ्रिका खंडांतील पुष्कळ विद्यार्थी तेथे जातात. दलाल त्यांना ‘युरोपातील शिक्षण’ असे गाजर दाखवितात. वस्तुस्थिती अशी की, तुर्कस्तानमार्गे उत्तरेच्या विमानतळावर उतरून बेटात येणे हा प्रजासत्ताकाच्या दृष्टीने बेकायदा प्रवेश ठरतो, आणि उत्तरेच्या परवान्यावर राहणाऱ्या परकीय विद्यार्थ्यास दक्षिणेत जाण्याचा हक्क मिळत नाही. आपल्या देशाची वकिलात दक्षिणेत आहे. भारताने उत्तरेकडील राजवट मानलेली नाही. तेव्हा तेथे काही संकट ओढवले, तर धाव घ्यावयाची कोठे हा प्रश्नच आहे. पैसे भरण्यापूर्वी त्या पदवीस येथे मान्यता मिळते की नाही, याची लेखी खात्री करून घ्यावी. ज्या मुलाला अर्धेच शहर पाहावयास मिळणार, त्याला ते आधी ठाऊक असावे. विमानातून उतरल्यावर कळून उपयोग नाही.

ज्याला दोन्हीकडे जाता येते त्याच्यावर मात्र जबाबदारी येऊन पडते. उत्तरेत राहणाऱ्या, पण तुर्कस्तानातून येऊन वसलेल्या कित्येकांना दक्षिणेत पाऊल टाकता येत नाही. दक्षिणेतील कित्येक वृद्ध आपल्याच घराच्या वाटेवर परक्या राजवटीस ओळखपत्र दाखवावयास नकार देतात आणि म्हणून आजतागायत पलीकडे गेलेले नाहीत. त्यांच्या नकारात मान आहे. त्या मानाची थट्टा पाहुण्याने करू नये. दूरदेशीचा एक विद्यार्थी दहा मिनिटांत ज्या रस्त्याने जाऊन येतो, तो रस्ता तेथल्या माणसाला पन्नास वर्षे लांब वाटतो, हे ओळखून त्याने पाऊल टाकावे. पलीकडे गेल्यावर मौज म्हणून पहारेकऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत. तेथे ते मनाई केलेलेच आहे, आणि मनाई नसती तरी शोभले नसते. त्यापेक्षा दोन्ही भाषांतले चार-चार शब्द शिकावेत. ग्रीक म्हाताऱ्याशी ग्रीकमध्ये आणि तुर्की म्हाताऱ्याशी तुर्कीमध्ये नमस्कार करणाऱ्या परक्या मुलास जे ऐकावयास मिळते, ते ग्रंथालयात मिळत नाही.

शिकून परतलेल्या तरुणास कोणी विचारील, खरी बाजू कोणाची? त्याने उत्तर टाळू नये. सैन्याने काढलेली वाटणी अन्याय्य आहे, हे त्याने निर्भयपणे सांगावे. परंतु ते सांगताना १९७४ च्या आधी १९६३ येते, हेही त्याने सांगावे. आणि उत्तरेत बसून १९६३ ची कहाणी ऐकणाऱ्यास १९७४ ची आठवण द्यावी. जो एकच साल घेऊन परतला त्याने अर्धेच शहर पाहिले, मग तो रेषेवरून कितीही वेळा ये-जा करो. दोन्ही साले ज्याच्या वहीत एकाखाली एक लिहिलेली आहेत, त्यालाच आम्ही शिकून आलेला म्हणू.